मेंदूच्या धमन्यांवरील पहारेकरी

आमच्या मातोश्रींस महिन्या-दीड महिन्यानें एकदां अर्धशिशी उठत असे. त्या दिवशीं माजघराचीं दारें लोटलेलीं असत, देवघरांतील घंटाहि वडील हलक्या हातानें वाजवीत, आणि कपाळास सुंठीचा लेप लावून, वरून फडकें आवळून, मातोश्री भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दिवेलागणीस एक-दोन वांत्या झाल्या म्हणजे ठणका ओसरूं लागे; दुसरे दिवशीं पहांटे त्या अंगणांत सडा घालतांना दिसत, जणूं कांहीं झालेंच नव्हतें. घरांतील मंडळी याविषयीं काय बोलत तें आम्हीं लहानपणीं अनेकदां ऐकलें आहे. 'नेमकें पाहुण्यांच्याच दिवशीं कसें हिचें डोकें उठतें?' असें एक वडीलधाऱ्या बाई म्हणत. ताप नाहीं, सूज नाहीं, जीभ स्वच्छ, नाडी ठीक. मग दुखणें आहे तरी कोठें? हा प्रश्न उघड कोणी विचारीत नसे, इतकेंच.

आम्ही स्वतः त्या मंडळींहून फारसे निराळे निघालों नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत संस्कृताचा तास चालला असतां एक मुलगी उभी राहून म्हणाली, 'सर, मला फळ्याची डावी बाजू दिसत नाहीं. तिथं काहीतरी लखलखतंय.' फळ्याच्या डाव्या बाजूस धातूंचीं रूपें लिहिलेलीं होतीं व तीं वाचून पुढें चालविण्याची पाळी तिचीच होती. आम्हांस तें निमित्त वाटलें. तास संपेपर्यंत तशीच उभी राहा, असें आम्हीं तिला सांगितलें. घंटेस वीस मिनिटें होतीं.

हे दोन प्रसंग आज आठवण्याचें कारण एक चित्र. आमची भाची वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकविते. गेल्या दिवाळींत ती आली असतां तिनें आपल्या संगणकावर तें चित्र आम्हांस दाखविलें. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे, तेजस्वी धागे पसरले होते. कांहीं लांब व नागमोडी, कांहीं एकमेकांस ओलांडून जाळें विणणारे. प्रत्येक धाग्यावर अंतराअंतरानें बारीक फुगवटे होते, त्यामुळें तो धागा न दिसतां जपमाळच दिसे. 'मामा, ही उंदराच्या मेंदूवरची धमनी आहे, चिरून सपाट पसरलेली. आणि हे तिच्या अंगावरचे मज्जातंतू. आजीचं दुखणं इथं होतं,' असें ती म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही तिला प्रश्न विचारून भंडावीत होतों, व तिनें दिलेलीं पुस्तकें आणि निबंध आमच्या कुवतीप्रमाणें वाचीत होतों. त्यांतून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवितों.

मेंदूचें वजन सबंध शरीराच्या शेंकडा दोन. पण विसांव्याच्या वेळीं शरीर जो प्राणवायु वापरतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्यासाठीं दर मिनिटास जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे धांवत असतें. हा पुरवठा कांहीं सेकंद खंडित झाला तरी शुद्ध हरपते. हें रक्त मेंदूच्या तळाशीं एका धमनीवर्तुळांत येतें व तेथून त्याच्या शाखा वर पसरतात. या वर्तुळाचें नांमांकित वर्णन टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें सन १६६४ च्या आपल्या ग्रंथांत केलें, म्हणून त्यास आजहि विलिसचें वर्तुळ म्हणतात. त्या ग्रंथांतील आकृत्या ख्रिस्तोफर रेन यांनीं काढल्या होत्या. पुढें लंडनचें सेंट पॉल मंदिर बांधणारे ते हेच गृहस्थ. या धमन्यांच्या अंगावरून बारीक मज्जातंतू जातात, हें विलिसनें तेव्हांच नमूद करून ठेविलें आहे.

परंतु डोळ्यांनीं दिसलें म्हणजे त्याचें काम कळलें असें नव्हे. सन १८९० त केंब्रिज येथील रॉय व शेरिंग्टन या दोघांनीं प्रयोगान्तीं असा निर्णय दिला, कीं मेंदूचा जो भाग काम करतो त्याच्याच कामांतून उत्पन्न होणारीं द्रव्यें आपल्यापुरतें रक्त ओढून घेतात. बाहेरून येणारे मज्जातंतू मेंदूच्या वाहिन्यांस आवळतात किंवा सैल सोडतात याचा पुरावा आपणांस मिळाला नाहीं. यांतील पहिला भाग पुष्कळसा खरा ठरला आहे. पण शेरिंग्टनचें नांव एवढें मोठें, कीं दुसऱ्या भागाचीहि छाया पुढें पन्नास-साठ वर्षें पडून राहिली. मोठ्या माणसाचें 'आढळलें नाहीं' हें लोक 'नाहींच' असें वाचतात. शाळेंत आम्हीहि पाठ्यपुस्तकें अशींच शिकविलीं.

दरम्यान न्यूयॉर्कमध्यें ब्रॉन्सन रे हे शस्त्रवैद्य आणि हॅरल्ड वुल्फ हे मज्जारोगांचे वैद्य, यांनीं सन १९४० त एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. मेंदूवरील शस्त्रक्रिया पुष्कळदां रोगी जागा असतांच करितात. फक्त कातडी बधिर केलेली असते. अशा वेळीं त्यांनीं आंतील निरनिराळ्या भागांस स्पर्श करून 'दुखतें काय?' असें रोग्यांस विचारलें. मेंदूचा गाभा चिमटला तरी कांहीं दुखेना! पण तळाच्या मोठ्या धमन्या, मेंदूवरील जाड आवरणांतील धमन्या आणि मोठ्या शिरा यांस ताण दिला, कीं रोगी कपाळ, डोळा किंवा कानशील यांवर बोट ठेवी. म्हणजे ज्या मेंदूनें सबंध शरीराचें दुःख जाणावयाचें त्याला स्वतःचें दुःख नाहीं. दुःख त्याच्या वाहिन्यांस आहे. मग या वाहिन्यांची वार्ता नेतो कोण?

तंतू सांपडले तरी त्यांच्या पोटांत काय भरलें आहे हें कळणें अवश्य होतें, कारण मज्जातंतू आपलें काम शेवटीं कोणत्या तरी द्रव्याच्या द्वारें करतो. येथें आंतड्यांनीं मदत केली हें मौजेचें आहे. सन १९३१ त फॉन ऑयलर हे स्वीडिश व गॅडम हे इंग्रज संशोधक लंडन येथें घोड्याचें आंतडें व मेंदू यांचा अर्क काढीत होते. त्यांत रक्तवाहिन्या सैल करणारें कांहीं द्रव्य त्यांस आढळलें. आपल्या नोंदींत त्यांनीं त्या अर्कास 'पी' असें नुसतें अक्षर दिलें होतें. त्यावरून 'सब्स्टन्स पी', म्हणजे 'पी द्रव्य', हें नांव रूढ झालें तें आजतागाईत. त्याची घडण उलगडण्यास मात्र चाळीस वर्षें लागलीं: सन १९७१ त सुझन लीमन व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या अकरा अमिनो अम्लांचा क्रम लाविला. अशा, मोजक्या अमिनो अम्लांच्या आंखूड साखळीस पेप्टाइड म्हणतात. आणि मज्जातंतूंतून स्रवणारीं तीं न्यूरोपेप्टाइडें. सन १९७० त सैद व मुट यांनीं डुकराच्या आंतड्यांतून अठ्ठावीस अमिनो अम्लांचें दुसरें एक पेप्टाइड वेगळें केलें. त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें व्ही. आय. पी. अशीं येतात, डुकराच्या आंतड्यांत सांपडलेल्या वस्तूस ही पदवी मिळावी याचें आम्हांस हंसूं आलें. सन १९८२ त तातेमोतो व मुट यांस डुकराच्याच मेंदूंत छत्तीस अम्लांचें 'न्यूरोपेप्टाइड वाय' मिळालें.

आणि त्याच सुमारास, सन १९८२-८३ त, अमेरिकेंत या सर्वांत महत्त्वाचें द्रव्य उजेडांत आलें. त्याचें नांव 'कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड'. आम्ही यापुढें त्यास सी.जी.आर.पी. म्हणूं. कंठांतील ग्रंथींत कॅल्सिटोनिन नांवाचा एक स्राव तयार होतो, त्याचा लेख ज्या जीनमध्यें आहे त्याच जीनपासून हें सदतीस अम्लांचें पेप्टाइड मज्जापेशींत बनतें. हें कसें, असें आम्हीं भाचीस विचारलें. तिनें सांगितलें, कीं जीनवरून उतरवून घेतलेला मजकूर पेशी वाचण्यापूर्वीं कापते व जोडते. कंठांत तो एके तऱ्हेनें कापला जातो, मज्जापेशींत दुसऱ्या. संस्कृत काव्याच्या अभ्यासकास हें नवें नाहीं. सभंगश्लेषांत तींच अक्षरें एके ठिकाणीं तोडलीं तर एक अर्थ निघतो आणि दुसरीकडे तोडलीं तर निराळाच. निसर्गानें हा अलंकार कवींच्या पुष्कळच आधीं योजिलेला दिसतो.

हीं द्रव्यें तंतूंत पाहावयाचीं कशीं? त्याची युक्ति आल्बर्ट कून्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें सन १९४० नंतरच्या एक-दोन वर्षांत काढली. एखाद्या द्रव्याविरुद्ध प्राणी आपल्या रक्तांत प्रतिद्रव्य तयार करतो. तें प्रतिद्रव्य नेमकें त्याच द्रव्यास जाऊन चिकटतें, दुसऱ्यास नाहीं. अशा प्रतिद्रव्यास चमकणारा रंग जोडला व तें धमनीच्या तुकड्यावर सोडलें, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं जेथें द्रव्य तेथें दिवा लागतो. आम्हीं पाहिलेले हिरवे धागे याच रीतीनें उजळलेले होते. स्वीडनमधील लुंड येथील विद्यापीठांत ही विद्या विशेष भरभराटीस आली. सन १९७६ त तेथील लार्स एडव्हिन्सन प्रभृति संशोधकांनीं डॅनिश सहकाऱ्यांसह मांजराच्या मेंदूच्या धमन्यांभोंवतीं व्ही. आय. पी. असलेले तंतू दाखविले. धमनीभोंवतीं पेप्टाइडवाहक तंतू असल्याचें मेंदूंत असें निश्चित झालें. पुढील दहा वर्षांत बाकीचीं तिन्ही द्रव्यें तेथेंच उजेडांत आलीं.

हे सर्व तंतू एका ठिकाणचे नव्हेत. मेंदूबाहेर मज्जापेशींच्या तीन गांठी आहेत, त्यांतून तीन घराणीं निघतात. मानेंत वरच्या बाजूस एक गांठ आहे. तिचे तंतू नॉरॲड्रिनॅलिनबरोबर न्यूरोपेप्टाइड वाय वाहतात व धमनीस आवळतात. एका बाजूची ही गांठ काढून टाकिली, कीं त्या बाजूच्या धमन्यांवरील ते धागे नाहींसे होतात. तंतू कोठून आला हें ओळखण्याची ही जुनी, खात्रीची रीत. दुसरें घराणें नाकामागील व कानाजवळील लहान गांठींतून येतें. त्यांत ॲसिटिलकोलिन व व्ही. आय. पी. असून तें धमनी सैल सोडतें. तिसरें घराणें चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूच्या गांठींतून येतें. या मज्जातंतूस तीन शाखा, म्हणून त्यास ट्रायजेमिनल म्हणतात. आपण त्रिशाख म्हणूं. डोळा, जबडा, दांत, कपाळ यांची संवेदना नेणारा तो हाच. याच्या पहिल्या, डोळ्याकडील शाखेंतून निघालेले अत्यंत बारीक तंतू उलट फिरून मेंदूच्या धमन्यांवर जातात, आणि त्यांच्या मण्यांत सी.जी.आर.पी. व पी द्रव्य एकत्र भरलेलें असतें. मानेंतील वरच्या गांठींकडूनहि थोडे तंतू मागील बाजूच्या धमन्यांस मिळतात.

उंदीर, मांजर, गिनीपिग, गाय, माणूस, ज्या ज्या सस्तन प्राण्यांत हें पाहिलें तेथें योजना एकच आढळते. दाटी मात्र जातीजातींत कमी-अधिक. विलिसच्या वर्तुळावर व त्याच्या पुढील शाखांवर धाग्यांचें जाळें घनदाट असतें, मागील धमन्यांवर विरळ. आणि धमनीनें मेंदूच्या गाभ्यांत शिरून सूक्ष्म रूप घेतलें, कीं हे बाहेरचे तंतू मागें राहतात. आंतील व्यवस्था मेंदूच्या स्वतःच्या पेशी पाहतात. राजवाड्याच्या देवडीपर्यंतच चौकीदार असावेत, तसा हा प्रकार आहे.

मग चौकीदारांचें काम कोणतें? सन १९८६ त ग्लासगोचे मक्कुलक व लुंडची मंडळी यांनीं मिळून मांजरांवर प्रयोग केला. (हे प्रयोग वाचतांना आमचें मन अवघडलें, हें लपवून काय उपयोग? पण ज्या औषधाची गोष्ट पुढें येणार आहे तें त्यावांचून मिळालें नसतें, हेंहि तितकेंच खरें.) एका बाजूच्या त्रिशाख तंतूचा संबंध आधीं तोडून ठेविला. शांत स्थितींत दोन्ही बाजूंच्या धमन्यांत कांहीं फरक नाहीं. नंतर औषध सोडून धमन्या आकुंचित केल्या. शाबूत बाजूची धमनी लवकर पूर्ववत् झाली. तोडलेल्या बाजूची कितीतरी अधिक वेळ आवळलेलीच राहिली. म्हणजे हा तंतू रोजचा कारभार पाहत नाहीं. धमनी अवाजवी आवळली, मेंदूचें रक्त कमी पडण्याची भीति उत्पन्न झाली, कीं तो आपल्या मण्यांतील सी.जी.आर.पी. सोडतो व धमनी मोकळी करतो. सी.जी.आर.पी. हें रक्तवाहिन्या फैलावणाऱ्या द्रव्यांत अत्यंत प्रबळ आहे, हें लंडनच्या सुझन ब्रेन यांनीं सन १९८५ त दाखविलेंच होतें.

परंतु त्रिशाख हा मूळचा वेदना नेणारा तंतू. धमनीकडे तो द्रव्य सोडतो आणि मेंदूकडे दुःखाची वर्दीहि पोंचवितो. बोस्टन येथील मायकेल मॉस्कोविट्झ यांनीं सन १९७९ त असा तर्क मांडिला, कीं अर्धशिशीचें मूळ येथें शोधावें. तर्क झाला; पुरावा पाहिजे. सन १९८१ त त्यांनीं व मेबर्ग आदि सहकाऱ्यांनीं मांजराच्या मेंदूवरील एका धमनीवर हॉर्सरॅडिश नांवाच्या झणझणीत मुळापासून काढलेलें एक द्रव्य लाविलें. तंतूंचीं टोकें तें शोषून घेतात व उगमाकडे नेतात. कांहीं काळानें पाहतां तें त्याच बाजूच्या त्रिशाख गांठींत, डोळ्याकडील भागांत, मिळालें. दुखणें अर्ध्याच डोक्यांत कां, आणि धमनी आंत असतां ठणका कपाळावर व डोळ्यामागें कां, याचा धागा येथें हातीं येतो: कपाळाच्या कातडीची व आंतील धमनीची वार्ता एकाच मार्गानें वर जाते, आणि ऐकणारा तिचा पत्ता कपाळाचा समजतो. सुश्रुतसंहितेंत शिरोरोगाचे अकरा प्रकार सांगितले असून त्यांत अर्धावभेदक, म्हणजे अर्धें डोकें फोडणारा, हा एक आहे. लक्षण नेमकें पकडलें होतें. तंतू दिसण्याचें साधन तेव्हां नव्हतें.

आतां आम्हांस ज्या प्रयोगानें सर्वांत अधिक हलविलें तो सांगतों. ऑस्ट्रेलियाचे पीटर गोड्सबी व एडव्हिन्सन यांनीं सन १९९० त प्रसिद्ध केलेला निबंध अवघा कांहीं पानांचा आहे. अर्धशिशीचा झटका चालू असतांना त्यांनीं रोग्यांच्या मानेंतील वरच्या शिरेचें, म्हणजे डोक्याकडून परतणारें, रक्त घेतलें आणि त्याच वेळीं कोपराच्या शिरेचेंहि घेतलें. मानेच्या रक्तांत सी.जी.आर.पी. वाढलेलें होतें; कोपराच्या रक्तांत नव्हतें. न्यूरोपेप्टाइड वाय, व्ही. आय. पी., पी द्रव्य यांत फरक नव्हता. सन १९९३ त त्यांनींच दाखविलें, कीं सुमाट्रिप्टान हें औषध देऊन ठणका उतरला म्हणजे तें प्रमाणहि उतरतें. ज्या दुखण्यास ताप नाहीं, सूज नाहीं, त्याचा मोजतां येणारा अंश बाटलींत उतरला. माजघरांतील त्या बाईंस हा निबंध कोणी वाचून दाखविला असता तर! पण मातोश्रीहि तोपर्यंत राहिल्या नव्हत्या.

पुढची वाट सरळ नव्हती. प्रथम लोक पी द्रव्याच्याच मागें लागले होते. प्राण्यांत त्याचा अटकाव केला तर उत्तम गुण दिसे. माणसांत तीं औषधें अर्धशिशीवर साफ फसलीं. त्याच वर्गांतील एक औषध मात्र कर्करोगाच्या उपचारांतील ओकारी थांबविण्यास सन २००३ पासून उपयोगी पडत आहे. सी.जी.आर.पी. चें तसें झालें नाहीं. कोपनहेगन येथें सन २००२ त अर्धशिशी असलेल्या माणसांस तें शिरेंतून दिलें असतां पुष्कळांस कांहीं तासांनीं त्यांची ओळखीची अर्धशिशी उठली. धमन्या नुसत्या फुगल्यामुळें दुखतें, ही जुनी समजूतहि ढिली झाली: सन २०१३ त त्याच शहरांत झटका चालू असतांना चुंबकीय यंत्रानें चित्रें घेतलीं, तेव्हां कवटीबाहेरील धमन्या रुंदावलेल्या आढळल्या नाहींत, आंतील थोड्याशाच. दोष धमनीपेक्षां तिच्यावरील तंतूंकडे अधिक. अत्यंत बारीक तंतू सी.जी.आर.पी. सोडतात आणि शेजारचे किंचित् जाड तंतू तें ग्रहण करतात, असें आतां दिसतें. एक ओरडतो व दुसरा ऐकून वर्दी देतो.

या ज्ञानावरून बनलेलीं औषधें दोन तऱ्हेचीं आहेत. सी.जी.आर.पी. स किंवा तें घेणाऱ्या ग्राहकास अडविणारीं प्रतिद्रव्यें टोंचून देतात. त्यांपैकीं पहिल्यास, एरेन्युमॅबला, अमेरिकेंत सन २०१८ च्या मे महिन्यांत परवानगी मिळाली. दुसरीं गोळीच्या रूपानें घ्यावयाचीं, सन २०१९ अखेरपासूनचीं. सुमाट्रिप्टान धमन्या आवळतें, म्हणून हृदयविकाराच्या माणसास तें वर्ज्य; हीं नवीं औषधें धमनी आवळीत नाहींत. सर्वांस गुण येतो असें मात्र नाहीं. टोंचणीच्या औषधांनीं सुमारें निम्म्या रोग्यांचे दुखण्याचे दिवस अर्ध्यावर येतात, बाकीच्यांस थोडा किंवा मुळींच फायदा नाहीं. मॉस्कोविट्झ, एडव्हिन्सन, गोड्सबी आणि डेन्मार्कचे येस ओलेसेन यांस सन २०२१ चें 'ब्रेन प्राइझ' मिळालें तें याच कामाबद्दल.

पहारेकऱ्याचें तोंड बांधलें तर आग लागली असतां ओरडणार कोण, अशी शंका वाचकांस येईल, आम्हांसहि आली. हॉलंडमधील संशोधकांनीं सन २०२० त उंदरांवर पाहिलें, कीं या गोळ्यांच्या वर्गांतील औषधें दिलीं असतां मेंदूच्या धमनीचा रोध झाल्यावर होणारी हानि अधिक होते. माणसांत तसें झाल्याचें सिद्ध नाहीं. पण ज्यांस एकदां पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे अशांनीं हीं औषधें वैद्याशीं नीट बोलल्याशिवाय घेऊं नयेत, असें भाचीनें आम्हांस बजावून सांगितलें.

एक गोष्ट राहिली. धमनीवरील तंतू प्रथम चेततो कशानें? कांहीं जणांत त्याचें उत्तर मेंदूच्या पृष्ठभागावर मिळतें. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञास स्वतःस असा विकार होता. ठणक्याआधीं डोळ्यांपुढें जो लखलखता डाग पसरत जाई त्याचीं त्यांनीं चित्रें काढलीं, आणि सन १९४१ त गणित मांडून सांगितलें, कीं मेंदूच्या दृष्टिभागावरून कांहीं विकृति मिनिटास सुमारें तीन मिलिमीटर वेगानें सरकत असली पाहिजे. ब्राझिलचे लेआंव यांस सन १९४४ त सशाच्या मेंदूवर तशीच मंद लाट प्रत्यक्ष आढळली. तिच्या मागें तो भाग कांहीं वेळ निश्चेष्ट होतो. सन २००२ त मॉस्कोविट्झ व सहकाऱ्यांनीं उंदरांत दाखविलें, कीं अशी लाट त्रिशाख तंतूंस चेतविते व आवरणांतील वाहिन्या फैलावतात. आधीं लाट, मग तंतू, मग ठणका.

मिनिटास तीन मिलिमीटर, म्हणजे वीस मिनिटांत साठ. हा हिशेब आम्हीं वहीच्या कोपऱ्यांत करून पाहिला. फळ्याची डावी बाजू त्या मुलीस खरोखरच दिसत नव्हती. घंटा झाली तेव्हां ती दोन्ही हातांनीं उजवें कानशील धरून खालीं बसली व तेथेंच ओकली, आणि शिपायानें पाणी आणीपर्यंत आम्ही फळा पुसत होतों.